झटक्यांची गणना आणि जीवनाची गुणवत्ता

'अपस्मार' या शब्दाचा मूलार्थ स्मृतीचा लोप असा आहे. मराठी बोलीत या रोगाला फेफरे किंवा आकडी म्हणतात. या नावांनी झटक्याचा क्षण तेवढा निर्दिष्ट होतो. दोन झटक्यांमधील दिवस अनुल्लेखितच राहतात. औषधोपचाराच्या इतिहासातही दीर्घकाळ हीच दृष्टी प्रभावी होती.

इ. स. १८५७ मध्ये लंडन येथे चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग निवेदन केला. पुढे १९१२ मध्ये जर्मनीत हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटलचे, तर १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइनचे गुण प्रसिद्ध केले. औषधाचे यश मोजण्याचे मुख्य माप एकच होते : झटके किती कमी झाले? ब्रोमाइडने गुंगी येते, बुद्धी मंदावते, अंगावर पुरळ उठतात, हे वैद्यांस ज्ञात होते. तथापि ते उपचाराचे अपरिहार्य मोल मानले जाई.

या मापाची अपूर्णता ब्रिटनमधील एका प्रयोगाने स्पष्ट केली. किमान दोन वर्षे झटका न आलेल्या १,०१३ व्यक्तींपैकी काहींचे औषध चालू ठेवण्यात आले, तर काहींचे हळूहळू बंद करण्यात आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ७८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५९ टक्के व्यक्ती झटकामुक्त होत्या. केवळ गणनेने पाहता औषध चालू ठेवणेच श्रेयस्कर ठरते. परंतु याच व्यक्तींच्या मनःस्थितीचा अभ्यास अ‍ॅन जेकबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडला. झटक्याची पुनरावृत्ती जशी स्वास्थ्य हिरावते, तसेच औषध घेत राहणेही ते उणावते, असे त्यात आढळले. दोन्ही पारड्यांत काही तरी हानी होती. तिचे वजन रुग्णास विचारल्यावाचून कळणे शक्य नव्हते.

ही विचारणा शास्त्रशुद्ध करण्याचे प्रयत्न तत्पूर्वीच सुरू झाले होते. १९८० मध्ये डॉड्रिल यांनी मनोसामाजिक अडचणींविषयी १३२ प्रश्नांची सूची रचली. १९९५ मध्ये अमेरिकेत ८९ प्रश्नांची जीवनगुणवत्ता-प्रश्नावली सिद्ध झाली, व १९९८ मध्ये तिचे ३१ प्रश्नांचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध झाले. झटक्याची धास्ती, भावनिक स्वास्थ्य, उत्साह व थकवा, आकलनशक्ती, औषधांचे परिणाम, सामाजिक व्यवहार आणि एकूण जीवन अशी तिची सात अंगे असून गुण शून्य ते शंभर या श्रेणीत दिले जातात. औषधाच्या परिणामांना येथे स्वतंत्र स्थान मिळाले, ही महत्त्वाची गोष्ट होय.

तथापि हे माप भाषेने घडविलेले आहे. मराठीत 'राहणीमान' हा रूढ शब्द योजल्यास उत्तर देणारा मिळकतीचा हिशेब सांगेल. 'अपस्मार' हा ग्रांथिक शब्द खेड्यातील रुग्णास अपरिचित वाटेल, तर 'फेफरे' या शब्दास लागलेला कलंक उत्तरालाच झाकोळील. यास्तव भाषांतर, उलट भाषांतर व प्रत्यक्ष रुग्णांकडून पडताळणी या पायऱ्या अनिवार्य ठरतात. शिवाय बालपणापासून औषध घेणाऱ्यास औषधाविना आपले मन कसे असते याची आठवणच नसते; मग थकव्याची तुलना त्याने कशाशी करावी? ही मर्यादा कोणतीही प्रश्नावली पूर्णतः ओलांडू शकत नाही.

असे असले, तरी या मापनाने एक मूलभूत बदल घडविला. झटके मोजण्यासाठी इतरांची साक्ष पुरेशी होती. जीवन मोजण्यासाठी मात्र औषध घेणाऱ्याचीच साक्ष आवश्यक ठरली.