हात तोच, वाद्य नवं



आज एका वाद्याची गोष्ट सांगते. गोष्ट अमेरिकेतली, शंभर वर्षांपूर्वीची. तिच्यात गाणं आहे आणि पोटाचा प्रश्नही आहे, म्हणून आपल्या गटांत ती सांगावीशी वाटली. वाद्य आहे गिटार. नेहमीची सहा तारांची नाही, तर तिच्यापासून निघालेली चार तारांची टेनर गिटार.

सुरुवात बँजोपासून करावी लागेल. बँजो म्हटलं की आपल्याला वरातीतली बँजो पार्टी आठवते. तो आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, बटणं दाबून वाजवायचा. अमेरिकेतला बँजो निराळा. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी आपल्या मुलखातल्या वाद्यांच्या आठवणीवर तो घडवला. भोपळ्यावर कातडं ताणायचं, त्याला दांडी बसवायची आणि वरून तारा ओढायच्या. पुढे तो कारखान्यांत बनू लागला, भोपळ्याच्या जागी लाकडाचं कडं आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा चार तारांचा एक प्रकार निघाला, टेनर बँजो.

या टेनर बँजोच्या तारा कशा लावायच्या, ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. एक तार सा धरली, तर तिच्या पुढची तार तिच्या प वर. त्या प ला सा मानलं, तर पुढची पुन्हा त्याच्या प वर. भजनात पेटीवर सा-प ऐकणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. व्हायोलिन आणि मॅंडोलिनच्या ताराही याच अंतराने लावतात. त्यामुळे मॅंडोलिन वाजवणाऱ्याने टेनर बँजो हातात घेतला, की स्वर खालचे लागायचे, पण बोटांची ठेवण तीच राहायची. नव्याने शिकायचं काम फार थोडं.

१९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत नाचाची सभागृहं गजबजलेली होती. तेव्हा तिथे मायक्रोफोन नव्हते. तुताऱ्या आणि ढोलांच्या गलक्यात ऐकू येईल असं खणखणीत वाद्य हवं, आणि कातड्याचा बँजो तसा होता. गिटारचा आवाज मऊ, तो त्या गोंगाटात बुडून जायचा. म्हणून वाद्यवृंदात बँजोवाल्याची जागा पक्की होती. त्यावर कितीतरी जणांची घरं चालत होती.

मग १९२५ साली ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला. रेडिओही घरोघरी पोचू लागला. आता मऊ आवाजही स्वच्छ ऐकू यायला लागला. लोकांना गिटारचा भरदार, गोड नाद आवडू लागला आणि बँजो कर्कश वाटू लागला. वाद्यवृंदांचे मालक म्हणू लागले, गिटार वाजवणारा असेल तर सांगा.

बँजोवाल्यांपुढे पेच पडला. सहा तारांच्या गिटारची लावणी वेगळी. तिथे एका तारेपासून पुढची तार बहुतेक ठिकाणी सा ते म, आणि एका ठिकाणी सा ते ग. दहा-पंधरा वर्षं बोटांत मुरलेल्या जागा तिथे चालत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, आणि शिकेपर्यंत खायचं काय?

वाद्य बनवणाऱ्यांनी यावर वाट काढली. पोट गिटारचं ठेवलं आणि दांडी चार तारांची, अरुंद आणि आखूड बसवली. लावणी टेनर बँजोचीच. मार्टिन आणि गिब्सन या नावाजलेल्या कंपन्यांनी १९२७ च्या सुमारास अशा टेनर गिटारी बाजारात आणल्या. बँजोवाला आज बँजो खाली ठेवून उद्या गिटार घेऊन कामावर जाऊ शकत होता. एडी काँडन नावाचा जॅझ वादक असाच बँजोवरून चार तारांच्या गिटारकडे आला आणि पुढेही तीच वाजवत राहिला.

ही गिटार खेड्यापाड्यांतही पोचली. अलाबामा राज्यात कुळाने शेती करणाऱ्या एका गरीब घरात डेलमोर भाऊ वाढले. त्यांची आई मॉली चर्चसाठी स्वतः भजनं रचायची आणि गायची. थोरला आल्टन सहा तारांची गिटार वाजवायचा, धाकटा रेबन चार तारांची. १९३० नंतरच्या दशकात नॅशव्हिलच्या रेडिओवर ही जोडी घराघरांत ऐकली जायची. ज्या मायक्रोफोनने बँजोवाल्याची भाकरी हलवली, त्याच मायक्रोफोनने कुळाच्या पोरांची गाणी देशभर नेली.

आता कोणी विचारेल, घरात पडलेल्या सहा तारांच्या गिटारची चार तारांची करता येते का? येते, आणि आजही लोक करतात. सगळ्यात सोपं म्हणजे दोन जाड तारा काढायच्या आणि उरलेल्या चार आहेत तशाच लावायच्या. पण सा-प ची लावणी हवी असेल तर थोडं काम आहे. दांडीच्या वरच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. ती पट्टी बदलून चार खाचांची बसवायची, म्हणजे तारा सारख्या अंतरावर येतात.

खरी अडचण लांबीची. साध्या गिटारची तार घोडीपासून त्या पट्टीपर्यंत साधारण २५ इंच असते, टेनरची २३ इंचांच्या आसपास. टेनरची सगळ्यात बारीक तार साध्या गिटारच्या बारीक तारेहून सा ते म इतकी उंच लावायची असते. लांब दांडीवर तितकी ताणली तर ती तटकन तुटेल. त्यावर उपाय असा, की दुसऱ्या पडद्यावर चिमटा लावायचा. लांबी २२-२३ इंचांवर येते. मग पातळ तार घेऊन ती हळूहळू चढवायची. चिमटा नको असेल तर सगळ्या तारा खालच्या स्वरात लावायच्या. अंतर सा-प चंच राहतं.

या गोष्टीला एक चुटपुट लावणारा शेवटही आहे. १९५० नंतर अमेरिकेत लोकसंगीताची लाट आली आणि पाच तारांच्या बँजोला मागणी वाढली. तेव्हा जुन्या, उत्तम टेनर बँजोंच्या मूळ दांड्या काढून पाच तारांच्या बसवल्या गेल्या. टेनर गिटारींनाही कितीदा सहा तारांच्या दांड्या लागल्या. काढलेल्या दांड्या अनेकदा हरवल्या. आज मूळ स्थितीतलं जुनं वाद्य शोधणाऱ्यांना त्याची हळहळ वाटते. म्हणून वाद्य बदलायचं तर काढलेली पट्टी आणि खुंट्या पुरचुंडीत बांधून जपून ठेवाव्यात. पुढच्या पिढीला ते पूर्ववत करावंसं वाटलं तर करता येईल.

मैत्रिणींनो, मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. गटात नवा धंदा सुरू होतो, नवं यंत्र येतं, तेव्हा वयस्क बाईला पहिल्यांदा ऐकायला मिळतं, "तुम्हाला नाही जमायचं." तीस वर्षं हातशिलाई केलेली बाई एका दिवसात अडाणी ठरते. त्या कारागिरांनी तसं केलं नाही. बँजोवाल्याच्या बोटांना काय येतं ते त्यांनी आधी पाहिलं आणि दांडी त्या बोटांच्या मापाची केली. पुढच्या बैठकीत यंत्राच्या किमतीची चर्चा होईल, तेव्हा एवढं जरूर विचारा, की आपल्या बायांच्या हाताला आज काय येतं, आणि हे यंत्र त्या हाताजोगं करून मिळेल का?

विचारून पाहा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. नमस्कार.