आग विझवताना आधी इमारत वाचावी लागते

माझं काम सॉफ्टवेअरचं. लोड वाढला की सिस्टिम नेमकी कुठे मोडते, हे शोधणं माझं रोजचंच. आज तोच प्रश्न इमारतींना विचारूया. कारण अग्निशमन दलाचा जवान आत शिरतो तेव्हा त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: आग कुठे आहे आणि ही इमारत अजून किती वेळ उभी राहील?

सुरुवात मुंबईपासून. आपला फोर्ट भाग तेव्हा खरंच तटबंदीच्या आत होता. दाटीची घरं, भरपूर लाकूड. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी तिथे आग लागली आणि वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर बरीच वस्ती तटाबाहेर सरकली. काळबादेवी, पायधुणी, मांडवी भरत गेली. पण तिथेही कित्येक इमारती उभ्या राहिल्या त्या लाकडी सांगाड्यावरच.

मग लोखंड वापरलं तर? ते तर जळत नाही! १९व्या शतकात इंग्लंडमध्ये लोक असंच समजायचे. लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांना ते पटत नव्हतं. १८४९ मध्येच त्यांनी सांगितलं होतं की तापलेली लोखंडी तुळई लांबते आणि भिंतीला बाहेर ढकलते. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटची गोदामं पेटली. तिथेच भिंत अंगावर कोसळून ब्रेडवुड गेले.

आता थोडं इंजिनिअरिंग. साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलाद आपली जवळपास निम्मी ताकद गमावतं. उलट सागवानाची जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. म्हणजे लाकूड जळतं, पण हळूहळू हरतं. मात्र तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ओलीने किंवा वाळवीने आधीच पोखरलेलं असेल, तर हा हिशेब कोलमडतो. त्यात पाण्याचं वजन. एका पाइपातून मिनिटाला ५०० लिटर पाणी आत जात असेल, तर मिनिटाला अर्धा टन! वाहून न गेलेलं पाणी जुन्या जमिनीवर, भिजलेल्या मालात साठतं. आग विझवणारं पाणीच असं इमारतीवरचा भार वाढवतं.

९ मे २०१५. काळबादेवीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि आग विझवण्याचं काम चालू असतानाच कोसळली. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, असे चार अधिकारी मुंबईने गमावले.

आरसीसी इमारतीत काँक्रीटचं आवरण आतल्या सळ्यांना बराच वेळ सांभाळतं, म्हणून तिथे आत शिरून लढता येतं. पण उष्णता आत कोंडते आणि जिन्यातून धूर वर चढतो. लाकडी सांगाड्यालाच आग लागली असेल, तर माणसं बाहेर काढून लांबूनच पाणी मारणं शहाणपणाचं ठरतं.

हा निर्णय घेणारा अधिकारी रस्त्यावरून इमारतीकडे बघत असतो, हातात मोजकी मिनिटं. दुकान मोठं करायला काढलेली भिंत, नंतर घातलेला पोटमाळा, रंगाखाली लपवलेली भेग, यातलं काहीच त्याला तिथून दिसत नाही. तुमच्या इमारतीत असं काही असेल, तर ते आजच सोसायटीच्या बैठकीत काढा. आग लागल्यावर ते सांगायला वेळ नसतो.