प्रवेशनिर्बंध आणि जलतीरावरील कचरा : उल्हासच्या खोऱ्यापासून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत

गर्दीच्या चौपाटीवर येणाऱ्यांची संख्या मर्यादित केली म्हणजे तेथील कचराही त्याच प्रमाणात घटतो, असे सामान्यतः मानले जाते. या समजुतीची परीक्षा करावयाची तर कचऱ्याचे दोन प्रकार आरंभीच वेगळे केले पाहिजेत. एक, येणाऱ्याने जागीच टाकलेला. दुसरा, पाण्याने दुरून वाहून आणलेला. पहिल्यावर प्रवेशबंदीचा अंमल चालतो, दुसऱ्यावर चालत नाही.

बदलापूर समुद्रापासून दूर असले तरी या प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर व कल्याणवरून वाहत जाते आणि तिचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीने समुद्रास मिळतो. बारवी ही तिची उपनदी. शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवालयाजवळून जाणारी वालधुनीही अखेर तिलाच मिळते. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पातील निर्वासितांच्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर लोकवस्ती व कारखानदारी वाढत गेली, आणि वालधुनी सांडपाणी व केरकचरा वाहून नेणारा नाला बनली.

याच खोऱ्यात कोंडेश्वरचा धबधबा व बारवी धरणाचा परिसर पावसाळी सहलींकरिता प्रसिद्ध आहेत. अशा स्थळी जाण्यास जिल्हा प्रशासनाने अलीकडच्या काळात पावसाळ्यात वेळोवेळी मनाई केली आहे. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत; १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले. बुडून होणारे मृत्यू टाळणे हा त्यांचा हेतू होय. स्वच्छता हे केवळ आनुषंगिक फळ. शिवाय बंदी उठताच गर्दी परतते, आणि बंदी असताना ती दुसऱ्या मोकळ्या काठाकडे वळण्याचा संभव असतो.

मुंबईचा अनुभव अधिक बोलका आहे. जुलै २०१८ मध्ये उधाणाच्या भरतीने मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचे ढीग आणून टाकले. तो फिरावयास आलेल्यांनी त्या दिवशी टाकलेला नव्हता. नद्यानाल्यांनी समुद्रास दिलेला समुद्राने परत केला होता. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा यांनी आरंभिलेल्या स्वच्छता-मोहिमेस जगभर मान्यता मिळाली. तथापि पुढे त्यांनी आपले कार्य मिठी नदीकडेही नेले, ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. किनारा स्वच्छ राखावयाचा तर प्रवाहाच्या वरच्या अंगास गेले पाहिजे, असाच त्याचा बोध होतो.

निर्बंध सर्वस्वी निष्फळ ठरतात, असे मात्र नव्हे. फिलिपाइन्समधील बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने पर्यटकांस बंद होते. ते पुन्हा खुले करताना एका वेळी राहणाऱ्या पर्यटकांची मर्यादा १९,२१५ ठरविण्यात आली. पण त्याचबरोबर समुद्रात थेट सांडपाणी सोडणाऱ्या उपाहारगृहांवर व निवासस्थानांवरही कारवाई झाली. संख्यामर्यादेस सांडपाण्याच्या व्यवस्थेची जोड मिळाली, हे तेथील उपायाचे वैशिष्ट्य होय.

सारांश, प्रवेशबंदीने काठास विसावा मिळतो, आणि तेवढ्या अवधीत मूळ कारणांवर उपाय करता येतो. तो अवधी वाया गेला तर बदलापूरच्या काठावरून हटविलेली माणसे आणि त्याच काठावरून वाहत गेलेले प्लॅस्टिक यांचा हिशेब वेगवेगळाच राहतो. पहिला आदेशाने मिटतो. दुसरा खाडीमार्गे समुद्राच्या खाती जमा होत राहतो.