माहेरी यायला बंदी

मार्च २०२४ मधला एक शनिवार. मी आणि ऑफिसातला एक मित्र (नाव सांगत नाही, तो हे वाचतोच) त्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी त्याच्या कुत्र्याला उभं करून शिंप्याच्या टेपनं मोजत होतो. टेप माझ्या हातात, बिस्किट मित्राच्या हातात, आणि भैरू बिस्किटाकडे बघत लाळ गाळतोय. वय तीन वर्षं, छाती पैलवानासारखी, डोकं फुटबॉलएवढं. जमिनीपासून खांद्यापर्यंत ५३ सेंटिमीटर. परत मोजलं. ५३.

"नीट धर रे."

"नीटच धरलीय."

तिसऱ्यांदाही ५३. आम्हाला ५१ च्या खालचा आकडा हवा होता.

झालं होतं असं, की मित्राला कंपनीनं दोन वर्षांसाठी लंडनला पाठवायचं ठरवलं. व्हिसा, मुलीची शाळा वगैरे मार्गी लागलं. राहिला भैरू. भारतातून तिकडे कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं, निघायच्या आधी पोटातल्या जंतांचं औषध, आणि शेवटी विमानातून माल म्हणून रवानगी. हे सगळं पैशाचं आणि चिकाटीचं काम, आणि आम्हा आयटीवाल्यांना दोन्ही जमतं. पण मुंबईच्या एजंटाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : ब्रीड. मित्रानं प्रामाणिकपणे लिहिलं, अमेरिकन बुली. एजंटाचा फोन आला, "सर, हाइट किती?"

ब्रिटनमध्ये (म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये) ३१ डिसेंबर २०२३ पासून 'एक्सएल बुली' हा बंदी असलेला प्रकार आहे. नर खांद्यापाशी ५१ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच आणि अंगलक्षणं सरकारनं छापलेल्या वर्णनाशी बरीचशी जुळणारी, की झाला एक्सएल. तिथे आधीपासून असलेल्या कुत्र्यांना नोंदणी करून राहता आलं. बाहेरून नवा आणायची सोय नाही. भैरूचा प्रश्न दोन सेंटिमीटरचा होता.

त्या रात्री मी हे सगळं कुठून सुरू झालं ते वाचत बसलो. वाचता वाचता पहाट झाली. कारण भैरूच्या खानदानाची गोष्ट आपल्याकडच्या एखाद्या कौटुंबिक सिनेमापेक्षा कमी नाही. ज्या देशानं त्याला दार बंद केलं, ते त्याचं माहेर आहे!

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे, हा करमणुकीचा खेळ होता. 'बुलडॉग' हे नाव तिथलंच. १८३५ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून हे बंद केलं. बैलांबरोबर कुत्र्यांच्या झुंजीही बंद झाल्या, कागदावर. पण बैल लपवता येत नाही, कुत्रा लपवता येतो. झुंजी चालू राहिल्या, दारूच्या गुत्त्यांच्या मागे, तळघरात, खड्ड्यात. त्या खड्ड्याला म्हणतात 'पिट'. जाडजूड बुलडॉग आणि चपळ टेरियर यांच्या संकरातून त्या खड्ड्यांसाठी जे कुत्रे तयार झाले, ते इंग्लंड-आयर्लंडमधून अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्यांबरोबर बोटीनं पलीकडे गेले. त्या वेळी ब्रीडचा रकाना कुणी विचारला नाही.

तिकडे या लेकीचं चांगलं झालं. १८९८ मध्ये चॉन्सी बेनेट नावाच्या गृहस्थानं युनायटेड केनेल क्लब काढला आणि पहिली नोंद केली ती स्वतःच्या पिटबुलची. पहिल्या महायुद्धाच्या काळात पिटबुल चक्क अमेरिकेचं प्रतीक म्हणून पोस्टरवर झळकला. 'स्टबी' नावाचा असाच बुल-टेरियर वळणाचा कुत्रा फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आला आणि इतका गाजला की आज तो पेंढा भरून स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या, जास्त प्रतिष्ठित केनेल क्लबनं याच कुत्र्यांना नोंदवून घेतलं, पण 'पिट' शब्द नको म्हणून नाव ठेवलं स्टॅफर्डशायर टेरियर. कुत्रा तोच, आडनाव बदललं.

इंग्लंडमध्ये मागे राहिलेल्या बहिणीचंही नाव तिथल्या केनेल क्लबात १९३५ मध्ये लागलं : स्टॅफर्डशायर बुल टेरियर. ती ब्रिटनची लाडकी घरगुती कुत्री झाली. आजही आहे, कसलीही बंदी नाही.

हे नाव बदलायचं प्रकरण नवीन नाही, म्हणून जरा आडवळण घेतो. तुमच्या घरातले आजी-आजोबा जर्मन शेफर्डला 'अल्सेशियन' म्हणतात की नाही? आमच्याकडे अजून म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला होता. खुद्द राजानं १९१७ मध्ये आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर केलं, तिथे कुत्र्याची काय कथा! १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या जातीची नोंद 'अल्सेशियन वुल्फ डॉग' अशी केली. इंग्रजांबरोबर ते नाव आपल्याकडे आलं आणि आपण जपून ठेवलं. ब्रिटननं स्वतः १९७७ मध्ये 'जर्मन शेफर्ड' परत घेतलं.

पण गंमत पुढे आहे. नावातला जर्मन गेला आणि 'वुल्फ' म्हणजे लांडगा आला. ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ धास्तावले. हे लांडगे आमच्या डिंगोंशी (तिथले रानकुत्रे) संकर करणार आणि मेंढ्या फस्त करणार! १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियानं अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घातली. सुरुवातीला पाच वर्षांसाठी म्हणून, ती उठायला १९७० चं दशक उजाडलं. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं ब्रिटनमधून तिकडे स्थायिक व्हायला जाणाऱ्या कुटुंबांना आपला शेफर्ड मागे ठेवून जावं लागलं. मूळचा हा मेंढ्या राखणारा कुत्रा, नावातच मेंढपाळ! त्याला अडवला मेंढ्यांच्या काळजीनं. आपल्याकडे टेस्टिंगमध्ये याला काय म्हणतात ते सुज्ञांना माहीत आहे.

असो. परत आपल्या पिटबुलकडे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेतून ब्रिटनमध्ये परत यायला लागला. माहेरपणच म्हणा. पण तोवर अमेरिकेतच त्याचं नाव खराब होत चाललं होतं. झुंजी लावणारे, अमली पदार्थवाले यांनी त्याला हाताशी धरलं, आणि १९८७ मध्ये 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर तो दात विचकून आला. पोस्टरवरचा शूर शिपाई सत्तर वर्षांत राक्षस झाला.

मे १९९१ मध्ये ब्रॅडफर्डला एका सहा वर्षांच्या मुलीवर पिटबुलनं भयंकर हल्ला केला. पेपरांमधून गदारोळ झाला आणि गृहमंत्री केनेथ बेकर यांनी काही आठवड्यांत कायदा आणला, तो १२ ऑगस्टपासून लागूही झाला. चार नावं : पिटबुल टेरियर, जपानचा तोसा, अर्जेंटिनाचा डोगो आणि ब्राझीलचा फिला. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर श्वानप्रेमी लेख म्हणून शिक्का बसेल. ती मुलगी खरी होती, तिच्या जखमा खऱ्या होत्या, आणि एवढ्या ताकदीचा कुत्रा पिसाळल्यासारखा वागला तर चावा आणि मृत्यू यात फार अंतर उरत नाही, हेही खरं आहे. भीतीला कारण होतं. माझी तक्रार भीतीबद्दल नाही, व्याख्येबद्दल आहे.

ब्रिटनच्या केनेल क्लबात पिटबुल नावाची जातच नव्हती. मग ओळखायचा कसा? कायद्यानं 'जात' न म्हणता 'टाइप' म्हटलं. १९९३ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की टाइप हा शब्द जातीपेक्षा रुंद आहे, आणि मोजपट्टी म्हणून 'पिटबुल गॅझेट' नावाच्या अमेरिकन मासिकात १९७७ मध्ये छापलेलं वर्णन बघायला हरकत नाही. त्यातली बरीचशी लक्षणं जुळली की पुरे. आई-वडील कोण, हा प्रश्नच नाही. प्रोग्रामिंगमध्ये याला आम्ही डक टायपिंग म्हणतो : बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर ते बदक. वर्ग कुठला, विचारायचं नाही. त्यात भर म्हणजे आरोप सरकारनं करायचा आणि कुत्रा त्या टाइपचा *नाही* हे सिद्ध मालकानं करायचं.

यात सापडलेली सगळ्यात गाजलेली कुत्री म्हणजे लंडनची डेम्प्सी. एप्रिल १९९२ मध्ये तिला फिरायला नेलेलं असताना तिला उलटी होतेय असं वाटल्यानं तोंडावरची जाळी काढली गेली. पोलिसांनी पाहिलं. बिनजाळीची पिटबुल सार्वजनिक जागी, बस्स. ती कुणाला चावली नव्हती. पण त्या वेळच्या कायद्यात न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता, शिक्षा एकच : मृत्यू. प्रकरण वरच्या कोर्टांत तीन वर्षं चाललं आणि तोवर डेम्प्सी सरकारी पिंजऱ्यात. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजिट बार्डो पुढे आली, म्हणाली मी हिला फ्रान्सला नेते, सांभाळते. तसं व्हायची वेळ आली नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द झाली आणि डेम्प्सी घरी गेली. १९९७ मध्ये कायदा बदलून न्यायाधीशांना कुत्रा जिवंत ठेवायचा अधिकार मिळाला. डेम्प्सी २००३ मध्ये म्हातारी होऊन वारली, सतरा वर्षांची.

बार्डोच्या फ्रान्सचं काय झालं, तेही ऐका. ६ जानेवारी १९९९ च्या कायद्यानं तिथे पिटबुल वळणाच्या बिनकागदी कुत्र्यांची खरेदी, विक्री आणि आयात बंद झाली. म्हणजे तो परदेशी आसरा चार वर्षांनी बंदच होणार होता. मग जर्मनी. जून २००० मध्ये हॅम्बुर्गला एका सहा वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला, आणि २००१ मध्ये केंद्रीय कायदा आला : पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर यांना देशात आणायची बंदी. यादीतलं तिसरं नाव पाहिलंत? ब्रिटनची तीच लाडकी बहीण! बर्मिंगहॅमहून बर्लिनला बदली झालेल्या कुटुंबाला आपली घरातली कुत्री नेता येत नाही. २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ही आयातबंदी वैध ठरवली, पण सरकारला बजावलं की आकडेवारीवर लक्ष ठेवा, चित्र बदललं तर कायदाही बदला. हे मला आवडलं.

इटलीनं तर २००३ मध्ये नव्वदच्या वर जातींची यादी केली होती. मग ती कापत कापत २००९ मध्ये टाकूनच दिली आणि जबाबदारी मालकावर ठेवली. हॉलंडनंही आपला पिटबुलचा नियम २००८ मध्ये मागे घेतला.

ब्रिटननं मात्र यादी वाढवली. पिटबुलला बंदी झाल्यावर अमेरिकेत त्याच रक्तातून आणखी रुंद, आणखी जड असा 'अमेरिकन बुली' तयार झाला आणि तो ब्रिटनला आला. त्यानंही माणसं मारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बंदी जाहीर केली. मग इंग्लंडातले एक्सएल बुली गाडीत घालून स्कॉटलंडला पोचवायला सुरुवात झाली, कारण तिथे अजून नियम नव्हता. २०२४ मध्ये स्कॉटलंडनंही तोच नियम केला.

आणि आम्ही टेप घेऊन बसलो होतो त्याच आठवड्यात, १२ मार्चला, आपल्या केंद्र सरकारचंही राज्यांना पत्र गेलं होतं : २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, पाळलेल्यांची नसबंदी करा. यादी मी नीट वाचली. त्यात 'तोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी तोसा'ही आहे. दोन्ही एकच. एका ओळीत तर नुसतंच 'टेरियर्स' लिहिलंय, म्हणजे सोफ्यावर बसणारा यॉर्की पण आला. आमच्याकडे ज्युनियरनं असा कोड पाठवला तर रिव्ह्यूमध्येच परत जातो. हा एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टानं परत पाठवला.

आता मित्राचं. लसीच्या पुस्तकात 'लॅब मिक्स' लिहून घ्यायचा सल्ला त्याला किमान चार जणांनी दिला. डॉक्टर म्हणाले, मी लिहीन हो, पण तिकडे पुस्तक कोण वाचतंय, ते टेप लावणार. आणि टेप लावल्यावर भैरू परत येईल की नाही, याची खात्री मी देत नाही. मित्र दोन दिवस ऑफिसात कुणाशी बोलला नाही. मुलीनं तर मी जाणारच नाही म्हणून जेवण सोडलं होतं.

शेवटी जुलैमध्ये तिघंच गेले. भैरू साताऱ्याला, मित्राच्या वडिलांकडे. काका एसटीतून निवृत्त झालेले, कुत्रं घरात नको म्हणणारे. आता सकाळ-संध्याकाळ तेच त्याला फिरवतात. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. एक बाई लांबूनच थबकल्या, पदर सावरत विचारलं, "कुठल्या जातीचा हो?"

काका थांबले नाहीत, वळलेही नाहीत.

"अल्सेशियन आहे," म्हणाले, आणि भैरूला घेऊन पुढे गेले.