इंधनावरील उपकर : नाव आणि विनियोग

करांची नावे हा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगा विषय नव्हे. मराठीतील ‘घरपट्टी’ व ‘पाणीपट्टी’ हे दोन समास वरवर सारखे दिसतात; परंतु पहिल्यात पूर्वपद कर कशावर बसला ते सांगते, तर दुसऱ्यात करदात्यास मोबदला म्हणून काय मिळावयाचे ते सांगते. एक नाव भाराचे, दुसरे अभिवचनाचे. पाणी आले नाही, तर पाणीपट्टी देणारा मनुष्य नळाकडे बोट दाखवून जाब विचारू शकतो. इंधनावर कर बसवून त्याचे उत्पन्न हवामान-बदलाच्या निवारणार्थ लोकोपयोगी कामांवर खर्चावे, असा विचार आज सर्वत्र मांडला जातो. त्याची परीक्षा करताना हाच भेद उपयोगी पडतो.

विशिष्ट हेतूसाठी मूळ करावर अधिक भार बसविण्याची पद्धत मुंबई इलाख्यास जुनीच परिचित आहे. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा या दराने जादा आकारणी सुरू झाली व १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने ती स्थिर झाली. हाच तो ‘लोकल फंड’. त्याचा दोन-तृतीयांश भाग रस्ते इत्यादी कामांस व एक-तृतीयांश शिक्षणास द्यावयाचा होता. नावाप्रमाणे हा निधी स्थानिक खरा. पण तो खर्च करणाऱ्यांत कर देणाऱ्या कुणब्याचा आवाज कितीसा होता? शेतकऱ्याकडून लोकल फंड घेतला जातो आणि त्याची मुले मात्र विद्येवाचून राहतात, ही जोतीराव फुले यांची ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मधील तक्रार या प्रश्नाच्या मुळाशीच जाते.

इंधनावरील हेतुबद्ध कराचा आपल्याकडील आरंभ १९२९ साली झाला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंद रामराव जयकर हे १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून केंद्रीय मार्ग निधी स्थापन झाला. राखीव भाग वगळता बाकीची रक्कम ज्या त्या प्रांतातील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटावयाची, असा नियम होता. जो मोटार चालवितो त्यानेच रस्त्याचा खर्च सोसावा, हे त्यामागील तत्त्व. येथे भार व मोबदला यांचे नाते उघड होते. पेट्रोल जळते त्या प्रांताचा वाटाही ठरलेला होता.

यानंतर ८१ वर्षांनी, १ जुलै २०१० पासून, कोळशावर ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लागू झाला. आरंभी दर टनास ५० रुपये असलेला हा उपकर २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० व २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. २०१६ मध्येच त्याचे नाव ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे झाले. कर कोळशावर आणि नाव स्वच्छतेचे, म्हणजे हा समास ‘पाणीपट्टी’च्या जातीचा होय. परंतु कायद्याची भाषा नावाइतकी नेमकी नव्हती. स्वच्छ ऊर्जेस साहाय्य व तद्विषयक संशोधन यांपुढे ‘तत्संबंधी अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ अशा आशयाची पुस्ती जोडलेली होती. शिवाय जमा होणारी रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत जाई व संसदेच्या विनियोजनानंतरच राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत येई.

परिणाम आकड्यांवरून दिसतो. २०१०–११ ते २०१७–१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये उपकररूपाने हिशेबात आले. पैकी सुमारे ३० हजार कोटी त्या निधीकडे वर्ग झाले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर सुमारे १६ हजार कोटीच खर्ची पडले. प्रकल्पांची छाननी आंतरमंत्रालयीन गट करीत असे. ज्या चंद्रपूर परिसरात कोळसा खणला जातो व जाळलाही जातो, तेथील ग्रामपंचायतीस या निधीत १९२९ च्या प्रांतांसारखा ठरलेला वाटा नव्हता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द होऊन त्याच ४०० रुपयांच्या दराने राज्यांना भरपाई देण्यासाठी नवा उपकर बसला. भार तोच राहिला. अभिवचन तेवढे बदलले. तोही उपकर २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरून उठला व वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के झाला. आता कोळशावरील या कराच्या नावात स्वच्छ हवेचा उल्लेखदेखील उरलेला नाही.

यावरून इंधनावरील उपकराची कल्पनाच त्याज्य ठरते, असे मात्र नव्हे. लोकल फंडाने कर स्थानिक ठेवला, पण करदात्यास अधिकार दिला नाही. मार्ग निधीने प्रांताचा वाटा नियमाने बांधला. स्वच्छ ऊर्जा उपकराने उदात्त नाव घेतले, पण वाटाही बांधला नाही आणि गावासाठी दारही उघडले नाही. पुढे असा कर पुन्हा बसविला गेला, तर त्याचे नाव काय असावे यापेक्षा, धुराखाली राहणाऱ्या गावाचा त्यातील हिस्सा कायद्यात लिहिला आहे काय आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाणार काय, हे आधी विचारले पाहिजे. अभिवचनाचे नाव धारण करणाऱ्या करास जाब विचारण्याची सोय नसेल, तर ती पाणीपट्टी नळावाचूनची ठरते.