परवानगीपुरते आकाश

जुन्या लढाऊ विमानाचा कृष्णधवल फोटो हाती येतो. मागे तारीख नसते, ठिकाण नसते, पण जाणकार माणूस गांगरत नाही. तो आधी पंखावरचे आणि धडावरचे गोल चिन्ह पाहतो. चिन्हात मधोमध अशोकचक्र असेल तर फोटो स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतला. मध्ये काहीच गडद नसेल तर तो दुसऱ्या महायुद्धातला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा. जपान्यांच्या तांबड्या सूर्याशी घोटाळा होऊन आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालतील, या धास्तीने इंग्रजांनी तिथल्या विमानांच्या चिन्हातला लाल रंग काढला आणि निळ्याच्या दोन छटा तेवढ्या ठेवल्या. मधला ठिपका गडद दिसला तर मात्र जपून राहावे. तो युद्धाआधीचा तांबडा असू शकतो, तसाच प्रजासत्ताकानंतरचा हिरवाही असू शकतो. त्यात जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तो डांबरासारखा काळा उमटे आणि निळा पार फिकट. केवळ फोटोवरून विमानाचा रंग सांगणारे कितीतरी जण यात फसले आहेत.

विमानाआधी कॅमेरा आला, म्हणून आपणही तिथूनच निघू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी. चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, नादार नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसजवळ बलूनमधून जमिनीचा फोटो घेतला. आकाश आणि कॅमेरा यांची ही पहिली गाठ, आणि तीही खाली बघणारी. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढची शंभर वर्षे लष्कराला विमानाच्या फोटोपेक्षा विमानातून घेतलेल्या फोटोत अधिक रस होता. पहिल्या महायुद्धात टेहळणीची विमाने कॅमेरे घेऊनच खंदकांवरून फिरत. त्याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर इंग्रजांच्या २३ व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन जातीचे विमान उडवीत होते. जून १९१८ मध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर पडले. मराठी वाचकाला हे नाव आज फारसे माहीत नाही, म्हणून वाट थोडी वाकडी करून ते इथे नोंदवले.

भारतीय हवाई दलाची कागदोपत्री स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची, आणि पहिले स्क्वाड्रन उभे राहिले १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर. विमाने चार, वेस्टलँड वापिटी, दोन मजली पंखांची. सुब्रतो मुखर्जी त्या पहिल्या तुकडीतले. मात्र या दलाच्या जन्माआधी नऊ वर्षे एक कायदा जन्मला होता, तो म्हणजे १९२३चा शासकीय गुपिते कायदा. त्यात 'रेखाचित्र' या शब्दाच्या व्याख्येतच छायाचित्र बसवलेले आहे, आणि निषिद्ध जागेचे असे चित्र शत्रूच्या उपयोगी पडण्याजोगे असेल तर ते काढणाऱ्याला शिक्षा आहे. पुढे १९३७ च्या विमान नियमांनी सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढण्यास बंदी घातली. म्हणजे विमान, कॅमेरा आणि मनाई ही तिन्ही भावंडे एकाच घरात वाढली. त्या काळातले जे फोटो आज पाहायला मिळतात, त्यांतले पुष्कळसे वैमानिकांच्या घरच्या आल्बममधून बाहेर आले आहेत. पंखाला टेकून उभे राहिलेले चार मित्र, मागे अर्धेच विमान, बाजूला कुत्रा. इतिहासकाराला हवा असतो शेपटीवरचा क्रमांक, आणि नेमका त्याच्यावर कोणीतरी कोपर टेकवलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. सरकारी प्रसिद्धी खात्याचे छायाचित्रकार तळांवर पोहोचले आणि हरिकेन, व्हेंजन्स, शेवटी स्पिटफायर या विमानांचे नीटस, मथळ्यासह फोटो निघू लागले; त्यांतले बरेच आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. पण खरे काम चालले होते ते दुसऱ्या बाजूने. मेहर सिंग यांच्या ६ व्या स्क्वाड्रनला चौदाव्या सेनेचे डोळे म्हणत. हरिकेनच्या पोटात एफ-२४ कॅमेरा बसवलेला असे, त्याची निगेटिव्ह पाच इंच लांब, पाच इंच रुंद. जंगलावरून खाली उतरून नदीचे पूल, वाटा, तंबू टिपायचे, परत येऊन ओल्या फिल्म धुवायच्या आणि त्यांच्या प्रती सेनापतीच्या टेबलावर पोहोचवायच्या. मेहर सिंग यांना १९४४ मध्ये डीएसओ हे पदक मिळाले. स्वातंत्र्यानंतर याच मेहर सिंगांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून २४ मे १९४८ रोजी अकरा हजार फुटांहून उंच लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले. त्याआधी, २७ ऑक्टोबर १९४७ला, श्रीनगरला उतरलेल्या डाकोटांच्या फोटोंनी नव्या देशाला आपल्या हवाई दलाचे पहिले चित्र दिले होते.

पन्नाशीचे दशक फोटोकारांसाठी सुखाचे होते. व्हॅम्पायर, तुफानी, मिस्टीर, हंटर अशी चकचकीत रुपेरी विमाने एकामागून एक येत होती, दिल्लीजवळच्या तिलपतला प्रात्यक्षिके होत, आणि नेहरूकालीन उत्साहात पाहुण्यांना विमाने दाखवण्याची हौसही होती. एक गंमत इथे सांगायलाच हवी. इंग्रजांनी कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने डागडुजी करून उभी केली. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. ही विमाने आपण १९६८ पर्यंत वापरली. तोवर जगात इतरत्र ती भंगारात गेली होती, म्हणून आज ब्रिटन-अमेरिकेतल्या संग्रहालयांत ज्या लिबरेटरसमोर लोक फोटो काढतात, त्यांतली काही आपल्याकडून गेलेली आहेत.

याच दशकाच्या शेवटी टेहळणीचा धागा पुन्हा वर येतो. १०६ व्या स्क्वाड्रनची कॅनबेरा विमाने फार उंचावरून फोटो घेत. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, असे एक विमान पाकिस्तानात पाडले गेले. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघे अधिकारी वाचले, पकडले गेले आणि परत आले. जगमोहन नाथ यांनी तिबेट आणि अक्साई चीनवरून केलेल्या उड्डाणांत चिनी सैन्याची जमवाजमव स्पष्ट टिपली होती. १९६२ मध्ये काय झाले ते आपण जाणतो. फोटो होते, पाहणारे डोळे नव्हते. नाथ यांना १९६२ आणि १९६५ असे दोनदा महावीरचक्र मिळाले. त्यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले मात्र दीर्घकाळ फायलींत बंद राहिले.

१९६५ च्या युद्धापासून गन कॅमेरा हा शब्द वर्तमानपत्रांच्या वाचकाला ठाऊक झाला. तोफेचा चाप दाबला की तो आपोआप चालू होई आणि नेम लागला की नाही याचा पुरावा आणी. ७ सप्टेंबरला कलाईकुंड्यावर आल्फ्रेड कुक यांच्या हंटरने टिपलेली चित्रे, किंवा १९७१ मध्ये २२ नोव्हेंबरला बोयऱ्यावर आपल्या नॅट विमानांनी टिपलेली पाकिस्तानी सेबर विमाने, हे या प्रकारातले ठळक नमुने. चित्र धूसर, कडा जळाल्यासारख्या, मध्ये एक काळा ठिपका आणि धूर. कलेच्या दृष्टीने शून्य, पण त्यांच्याइतका महाग फोटो दुसरा नसेल. १९६५चा आणखी एक फोटो आपल्याला नकोसा वाटणारा. ३ सप्टेंबरला आपले एक नॅट, क्रमांक आयई-१०८३, पाकिस्तानातल्या पसरूर येथे उतरले आणि त्यांच्या हाती लागले. आज ते पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, आणि ते संग्रहालय आहे कराचीत. ज्या शहरात आपल्या पहिल्या चार वापिटी उभ्या राहिल्या, तिथेच भारताचे चिन्ह मिरवणाऱ्या नॅटसमोर शाळेची मुले रोज फोटो काढून घेतात.

फोटो न काढताही युद्ध जिंकायला कसा उपयोगी पडतो, हे १९७१ने दाखवले. ११ डिसेंबरला टांगाईल येथे एक बटालियन, साधारण सातशे जवान, हवाई छत्र्यांनी उतरली. वर्तमानपत्रांना फोटो हवा होता आणि तो कोणाकडेच नव्हता. संरक्षण खात्याचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या एका सरावातला जुना फोटो दिला. त्यात अख्खी ब्रिगेड आकाशातून उतरताना दिसत होती. परदेशी बातम्यांत उतरलेल्यांचा आकडा पाच हजारांवर गेला, आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींच्या उरल्यासुरल्या धीराला त्याने तडा दिला. या संपूर्ण मागोव्यात मला सर्वांत आवडणारा फोटो हाच. विमाने खरी, जवान खरे, फक्त दिवस दुसरा.

युद्धानंतर दार पुन्हा मिटले. विमानांवर छलावरणाचे रंग चढले, प्रसिद्धीला दिलेल्या चित्रांतून क्रमांक आणि स्क्वाड्रनची बोधचिन्हे पुसली जाऊ लागली. अशा काळात पुष्पिंदर सिंग चोप्रा यांनी हवाई दलाच्या पहिल्या चाळीस वर्षांतल्या विमानांवर १९७४ साली पुस्तक काढले, हे धाडसच म्हणायचे. नागरिक असूनही त्यांनी फोटो, क्रमांक, तारखा जमवल्या. आजचे हौशी लोक अजून त्यांच्याच खांद्यावर उभे आहेत. सर्वसामान्य माणसाला मात्र मिग-२१ जवळून दिसले ते १९८२ मध्ये, 'विजेता' चित्रपटात. दिग्दर्शक गोविंद निहलानी हे मुळात छायालेखक, पटकथा आपल्या दिलीप चित्रे यांची, आणि हवाई दलाने तळ, विमाने आणि आकाश तिन्ही दिले. तिकीट काढणाऱ्याला ते पाहता आले. कुंपणाबाहेर कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला शिपाई हाकलून लावी. त्याच सुमारास बरेलीच्या तळावर मिग-२५ आले. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने, वीस किलोमीटरहून अधिक उंचीवरून फोटो घेणारे हे विमान १९८१ ते २००६ एवढा काळ सेवेत होते. त्याने शेजाऱ्यांचे किती फोटो घेतले हे गुपित आहे, पण त्याचे फोटो किती थोडे आहेत हे उघड आहे.

१९९६ मध्ये बंगळूरजवळ येलहंका तळावर एरो इंडिया भरू लागले आणि पहिल्यांदा तिकीट काढून, उघडपणे, हवाई दलाच्या विमानांवर लेन्स रोखता आली. हवाई कसरती करणारे सूर्यकिरण पथकही त्याच वर्षीचे. इथे हौशी लोक आपल्या विद्येत तयार झाले. जेट असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर, हेलिकॉप्टर असेल तर सव्वाशेव्या भागावर, नाहीतर पाती गोठतात आणि सारंग पथकाचे ध्रुव आकाशात खिळे मारून टांगल्यासारखे दिसते. विमानाबरोबर कमरेतून वळत राहायचे, पाय हलवायचे नाहीत. पुण्याच्या लोहगावला १९९७ मध्ये सुखोई आली. तिथूनच अब्दुल कलाम २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सुखोईतून उडाल्या. जी-सूट घातलेल्या प्रतिभाताईंचा फोटो तेव्हा साऱ्या देशाने पाहिला. मात्र त्याच लोहगावला प्रवासी विमानातून उतरताना आपल्याला घोषणा ऐकू येते की हा हवाई दलाचा तळ आहे, फोटो काढू नयेत. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षानंतर अशा तळांवर काही काळ खिडक्यांचे पडदे लावून घेण्याचाही हुकूम निघाला.

हौशी लोकांच्या क्रमांकांच्या वह्या कामाला आल्या त्या २०१९ मध्ये. २७ फेब्रुवारीच्या भारत-पाक हवाई चकमकीनंतर पडलेल्या विमानाचे तुकडे एफ-१६चे असल्याचे दावे झाले, आणि वर्षानुवर्षे मिग-२१चे फोटो जमवणाऱ्या लोकांनी पत्र्याचा, इंजिनाच्या भागाचा एकेक तपशील जुळवून ते मिगचेच असल्याचे दाखवून दिले. सरकारला हे दिसले नसेल असे नाही. तरी २९ जुलै २०२० रोजी राफेल अंबाल्याला उतरली तेव्हा तळाभोवतीच्या गावांत जमावबंदी होती आणि फोटो काढण्यास मनाई होती. राफेलचे फोटो संरक्षण खात्याकडून, निवडून आले. याउलट जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने तीन दिवस कसरती केल्या, तेव्हा कठड्यावर बसलेल्या मुंबईकरांच्या हातात लाखांनी फोन होते आणि कोणी कोणाला हटकले नाही. दुपारचे ऊन समोरून, त्यामुळे बहुतेकांच्या फोटोत विमाने म्हणजे काळे ठिपके.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरहून तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांच्या साक्षीने उडाले. ओझरचा कारखाना १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला होता. तेव्हा कोणता फोटो बाहेर जाऊ द्यायचा हे दिल्लीतला अधिकारी ठरवी. तेजसचे उड्डाण दुपारपर्यंत गावोगावच्या फोनवर होते. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या प्रदर्शनात एक तेजस कसरत करताना कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल मृत्यू पावले. तिथे परवानगीचा प्रश्नच नव्हता. प्रेक्षकांचे कॅमेरे त्या विमानाकडेच वळलेले होते. हवाई दलाने चौकशी नेमली, आणि ती सुरू होण्याआधीच ती दृश्ये जगभर फिरली होती.