काडीपैलवानाचा मधुमेह

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात शिक्षकांच्या एका कार्यशाळेला आम्ही गेलो होतो. विषय होता 'मोजमाप'. दुपारच्या सत्रात वजनकाटा, भिंतीवर चिकटवलेली उंचीची पट्टी आणि शिंप्याचा टेप एवढ्या सामग्रीवर एक कृती ठेवली होती. प्रत्येकाने आपले किलोग्रॅममधील वजन घ्यायचे, त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे आणि येणारा अंक फळ्यावर लिहायचा. हा अंक १८.५ ते २५ यांच्या दरम्यान असला की वजन ठीक, असे पुस्तकात दिलेले असते. पन्नाशीच्या एका सरांचा अंक आला २०.२. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सर हसले आणि म्हणाले, "गणितात मी पास आहे. पण मला सात वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन्ही डोळ्यांना लेझर मारून झाले आहे. माझ्यासारख्या काडीपैलवानाला हे कामून व्हावे?"

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पायांना मुंग्या येत होत्या, फळ्यावरचे अक्षर अस्पष्ट दिसू लागले होते. एका ठिकाणी दाखवले, तर चष्म्याचा नंबर दोनदा बदलून मिळाला. 'साखर तपासू का?' असे त्यांनी स्वतःहून विचारले, तेव्हा 'तुमच्या अंगावर मांस नाही, तुम्हाला कशाची साखर?' असे उत्तर आले. शेवटी तपासणी झाली तेव्हा दृष्टिपटलावर रक्तस्राव सुरू झालेला होता.

त्या दिवशी सरांना आम्ही जे उत्तर दिले ते घाईचे आणि अर्धवट होते. पुरे उत्तर द्यायचे, तर बरेच मागे जावे लागते.

इन्शुलिन सापडण्यापूर्वी मधुमेह झालेले मूल फार तर वर्ष-दोन वर्षे जगत असे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि हे चित्र पालटले. पण मधुमेही माणसे वीस-तीस वर्षे जगू लागल्यावर वैद्यांसमोर एक नवाच रोग उभा राहिला. डोळे जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे, पायाची जखम न भरणे, हृदयविकार. यांतले काही आधी कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण तयार केले आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या येगर यांनी मधुमेही माणसाच्या दृष्टिपटलावरील बदल नोंदवले. मूत्रपिंडातील गाठींचे वर्णन किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्ये केले. प्रश्न होता तो कारणाचा. ही सारी हानी साखरेमुळे होते, की मधुमेहासोबत येणारा तो स्वतंत्र दोष आहे? हा वाद जवळजवळ अर्धे शतक चालला. साखर काटेकोर ठेवून काही उपयोग नाही, असे मानणारे नामवंत डॉक्टर होते, आणि त्यांच्या बाजूनेही बरेच बोलता येत होते. कारण इतकी वर्षे रोज साखर मोजून ती आटोक्यात ठेवण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

साधन मिळाले ते वेगळ्याच वाटेने. तेहरानमधील सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळले. ते होते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती हिमोग्लोबिनला जास्त चिकटते. म्हणजे रक्ताच्या एका थेंबात मागच्या दोन-तीन महिन्यांची वही लिहिलेली असते! या वहीच्या आधारे अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. १९९३ मध्ये निकाल आला: साखर काटेकोर ठेवलेल्या गटात, ज्यांचे डोळे आधी चांगले होते त्यांच्यात, डोळ्यांचा विकार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होते. तो प्रयोग इन्शुलिन मुळीच तयार न होणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर होता. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरचा ब्रिटनमधील मोठा अभ्यास १९९८ मध्ये पुरा झाला. त्यातही बारीक रक्तवाहिन्यांचे विकार चतुर्थांशाने कमी झाले. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती, ती आमच्या सरांना लागू पडते. ज्या दिवशी मधुमेहाचे निदान झाले त्याच दिवशी जवळजवळ निम्म्या रुग्णांत एखादी तरी गुंतागुंत आधीच हजर होती.

साखर रक्तवाहिनीचे नेमके काय बिघडवते? स्नायूच्या पेशीत साखर शिरण्यासाठी इन्शुलिनची किल्ली लागते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींचे दार मात्र किल्लीवाचून उघडे असते. रक्तात साखर वाढली की त्या पेशींतही ती वाढते. त्यांना ती नाकारता येत नाही. जादा साखर जाळताना घातक रेणू तयार होतात, प्रथिनांना साखर चिकटत जाते, अस्तर खरबरीत आणि गळके होते. दृष्टिपटलातील केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, मग त्या कमकुवत जागी वाहिनी फुग्यासारखी फुगते व फुटते. यांत दुखत काहीच नाही. दुखले असते, तर सर सहा वर्षे आधीच दवाखान्यात गेले असते.

साखर आणि रक्तवाहिनी यांचे हे नाते २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने फार कठोर रीतीने पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या भाषेत 'काळी बुरशी' आली. ही बुरशी मातीत, शिळ्या भाकरीवर, सगळीकडे असते. पण रक्तात साखर वाढलेली, रक्त आम्लधर्मी झालेले आणि प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने दबलेली, अशा शरीरात ती नाका-डोळ्यांभोवतीच्या रक्तवाहिन्यांत घुसते, त्या गुठळ्यांनी बुजवते आणि पलीकडचा भाग रक्तावाचून काळा पडतो. स्टेरॉइड चुकीचे होते असे नव्हे. ब्रिटनमधील २०२० च्या चाचणीने दाखवले होते, की प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन वाचवते. मात्र ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता, हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायचे राहून गेले. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून असे दिसले, की कोरोना होऊन गेलेल्यांत वर्षभरात नव्याने मधुमेह आढळण्याची शक्यता इतरांहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होती. आजार ओसरल्यावरही महिनोन् महिने टिकणाऱ्या थकव्यामागे, धापेमागे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा किती वाटा आहे, याचा शोध अजून चालू आहे.

पण सरांचा प्रश्न वेगळा होता. कृश माणसाला मधुमेह का?

कृश मधुमेही भारतात नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे रोगी दोन सांगितले आहेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. आणि दोघांचे उपचार वेगळे सांगितले आहेत. (यावरून आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असा निष्कर्ष कृपया वर्गात काढू नये. त्यांनी रोगी नीट पाहिला होता, एवढेच; पण तेही थोडे नाही.) आधुनिक वैद्यकाने मात्र या कृश रोग्याला कधी घरात घेतले, कधी बाहेर काढले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी संबंधित मधुमेह असा स्वतंत्र प्रकार मान्य केला, १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो वगळला आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'पाचवा प्रकार' म्हणून पुन्हा जागा दिली. सरांचा मधुमेह त्यातला नव्हे, नेहमीच्या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याचे कोडे उलगडायला पुण्याला जावे लागते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डला संशोधन करून परतले होते. तेथील पुस्तकांतला मधुमेही माणूस साठीचा आणि लठ्ठ. पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात समोर येणारे रुग्ण वयाने दहा-वीस वर्षे लहान आणि अंगाने बारीक. पोट मात्र थोडे सुटलेले. पुस्तक चूक की रुग्ण चूक? याज्ञिकांनी रुग्ण मोजायला घेतले. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे, दोघेही सडपातळ, दोघांचाही शरीरवस्तुमानांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आम्ही फळ्यावर जो अंक काढायला लावला होता, त्याची मर्यादा या एका छायाचित्रात आहे. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

ही लपलेली चरबी येते केव्हा? येथे इंग्लंडमधील काही जुन्या वह्या उपयोगी पडल्या. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जाऊन बाळाचे जन्माचे आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहीत असत. सत्तर-ऐंशी वर्षांनी डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या वह्या आल्या. जी बाळे जन्मतः हलकी होती, त्यांच्यातच पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त निघाला. बार्कर आणि हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडले, की पोटात असताना अन्न कमी पडले तर गर्भ मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्यावर काटकसर करतो. पुढे जन्मभर टंचाईच राहिली तर ही काटकसर निभते. अन्न मुबलक मिळू लागले की ती अंगाशी येते.

हे अनुमान भारतात तपासायचे, तर वहीच नव्हती. ती नव्याने लिहायची ठरले. १९९३ मध्ये याज्ञिक, साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. विवाहित स्त्रियांची मोजमापे गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची आणि जन्मणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे सोडायचे नाही, अशी ती योजना होती. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. बाळे सरासरी २.७ किलोची झाली. साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली, तेव्हा आश्चर्य समोर आले. दंड बारीक, पोट लहान, वजन कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. 'बारीक पण चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ. म्हणजे याज्ञिक आणि युडकिन यांच्यातला फरक पन्नाशीतला नव्हता, पाळण्यातला होता.

आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी याच स्त्रियांचा आहार अभ्यासला. एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा. पाणी वाहणे, धुणे, शेतकाम अशी कष्टाची कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे आणखी लहान होती. रक्ततपासणीत फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती, पण निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तर ज्या आईच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, तिच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६१९ जणांपैकी मुलांमध्ये ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के यांची साखर आत्ताच वाढीव होती. आणि यातील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी वजनाने प्रमाणापेक्षा कमी होती.

हे सारे आम्ही सरांना नंतर पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले त्यात एकच नवी माहिती होती. त्यांचा जन्म १९७३ चा. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १९८१ मध्ये झाला. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई पोटुशी असताना खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशी मिलोची लाल भाकरी हे त्यांचे खाणे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीत जे गर्भात होते, त्यांची प्रौढपणीची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली, हे १९९८ पासून ठाऊक आहे. ते तेथे कळू शकले, कारण तेथील प्रसूतिगृहांनी युद्धातही वजने लिहून ठेवली होती. सरांच्या मधुमेहाचे मूळ बहात्तरच्या दुष्काळात आहे, असे एका माणसावरून म्हणता येणार नाही. त्यांनी आईला विचारून पाहिले, की जन्मलो तेव्हा माझे वजन किती होते. आई म्हणाल्या, "ओंजळीत मावत होतास."

यंदा सरांनी सहावीच्या मुलांना एक घरकाम दिले. जन्माच्या वेळी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड घरात शोधायचे आणि त्यावरचे वजन वहीत उतरवून आणायचे. बऱ्याच मुलांना कार्ड सापडले नाही. ज्यांना सापडले त्यांची वजने त्यांनी एका मोठ्या वहीत लिहिली आहेत. शेजारचा रकाना कोरा ठेवला आहे. ती वही कोठे ठेवावी म्हणजे तीस वर्षे टिकेल, असे त्यांनी आम्हाला विचारले आहे.